मावशी, रांगेत या

नोव्हेंबर लागला की बँकेच्या दारात सकाळी नऊपासूनच म्हातारी माणसं येऊन बसतात. कुणी पायरीवर, कुणी कट्ट्यावर, कुणी नातवाच्या दुचाकीला टेकून. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक आणि पासबुकात घडी घातलेले कागद. हा हयातीच्या दाखल्याचा महिना. राज्य सरकारचं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची यादी कोषागारातून बँकेच्या शाखेत येते, आणि आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करून माणसाने सांगायचं असतं की मी अजून आहे. ते राहिलं तर पुढची पेन्शन अडकते. २०१४च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि बोटाच्या ठशावर हे काम करायची सोय झाली. तरी तालुक्याच्या गावातली बरीच मंडळी अजून बँकेतच येतात. समोरच्या माणसाने आपल्याला बघून लिहून घेतलं की त्यांना खात्री वाटते.

बँकेत मी एकतीस वर्षं काढली. त्यातल्या एकाच दिवसाबद्दल आज सांगायचं आहे.

साल २००४. ऑगस्टमध्ये माझी बदली आमच्याच तालुक्याच्या शाखेत झाली होती. गाव तिथून चौदा किलोमीटरवर. वडील अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९९९ साली ते गेले आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, त्याचं खातं याच शाखेत होतं. ती गावी थोरल्या भावाकडे राहायची. आधी तिच्या हयातीचं काम भाऊ बघायचा, म्हणजे तिला गाडीवर घेऊन यायचा. मी या शाखेत आल्यावर त्याने ते मनातून माझ्यावर सोपवलं असावं. मी मात्र धरून चाललो होतो की नेहमीसारखा तोच तिला आणेल. आईशी या विषयावर आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

त्या दिवशी माझ्या खिडकीसमोर चाळीसेक माणसं होती. अकराचा सुमार. दारातून आई आत आली आणि तिच्यामागे शेजारच्या अक्का. अक्कांचे यजमान वडिलांच्याच शाळेत शिपाई होते, म्हणजे अक्कांचंही तेच काम. येताना एसटीत आईने त्यांना सांगितलं असणार, आपला बाळू आहे तिथं, काळजी करू नका. कोणती आई हे सांगणार नाही? ती रांगेच्या कडेने सरळ पुढे आली आणि काचेपलीकडून हाक मारली, “बाळू, आमचं दोघींचं तेवढं घे रे आधी. एकची गाडी आहे.”

रांगेतली सगळी डोकी वळली. सगळ्यात पुढे पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. साडेनऊपासून आलेले, एक पाय दुखत होता म्हणून काउंटरच्या कडेवर हात टेकून उभे. ते काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे पाहत राहिले. हा आता काय करतो, एवढाच प्रश्न त्या नजरेत होता. मला घाम फुटला. मान वर न करता मी म्हणालो, “मावशी, रांगेत या.”

आम्ही बँकेत वयस्कर बायकांना मावशी म्हणतो. त्यात काही वावगं नाही, उलट माया आहे. त्या सकाळपासून मी वीसएक जणींना तेच म्हटलं होतं. त्यांच्यात माझी आई जमा झाली.

ती क्षणभर थांबली. मग अक्कांचा हात धरला आणि मागे गेली. पन्नास मिनिटं उभी राहिली.

तिला रांगेत उभं केलं याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांना आणखी थांबवून मी माझ्या आईची सही आधी घेतली असती, तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता आणि माझ्या आईवरही झाला असता. चाळीस माणसांनी तिच्याकडे ‘हिचा मुलगा आत आहे’ या नजरेने बघितलं असतं. उभ्या आयुष्यात तिने कुणाच्या पुढे घुसून काही घेतलं नव्हतं. त्या दिवशीही तिला वाटलं ते एवढंच, की मुलाच्या घरी आलो आहोत. तिच्या दृष्टीने मी जिथे बसतो ते माझंच घर होतं. मला आजवर टोचतो तो त्या वाक्यातला पहिला शब्द. रांग तिने सोसली असती. मुलाने तिला ओळख दाखवली नाही, आणि तीही अक्कांच्या देखत.

मराठीत ‘ओळख’ हा शब्द किती अंगांनी वापरतो आपण! ‘तिथे कुणाची ओळख आहे का?’ असं विचारतो तेव्हा आपल्याला वशिला हवा असतो. बँकेत ‘ओळख पटवा’ म्हणतात तेव्हा कागद हवा असतो. आणि ‘त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही’ असं म्हणतो तेव्हा आपण दुखावलेले असतो. कामाच्या जागी घरचं माणूस अचानक समोर आलं की ही तिन्ही अंगं एकदम अंगावर येतात. मी ओळख लावायला नकार दिला आणि त्या घाईत ओळख दाखवायचंही नाकारलं. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे चौतीस वर्षांच्या, दहा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला कळलं नाही.

खरं तर काय करायचं होतं? एवढंच, की मान वर करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, “आई, तू आलीस होय! अगं, हे लोक सकाळपासून उभे आहेत. रांगेतून ये, मी आहे इथं.” चार वाक्यं. त्यात आई आई राहिली असती, रांग रांग राहिली असती, आणि त्या गृहस्थांनाही कळलं असतं की हा मुलगा काही लपवत नाही. मी नातं झाकलं ते माझ्या प्रामाणिकपणावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. पण नातं झाकणारा माणूसच अधिक संशयास्पद दिसतो. उघड सांगितलेल्या नात्यावर चार डोळे आपोआप पहारा ठेवतात.

ज्या कामांत निर्णय द्यायचा असतो, तिथे हे फार पूर्वीच ओळखलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ७ मे १९९७ रोजी स्वतःसाठी काही मूल्यं ठराव करून मान्य केली. कुटुंबातल्या, जवळच्या नात्यातल्या किंवा मित्राच्या प्रकरणाची सुनावणी न्यायाधीश घेणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. न्यायाधीशाच्या जवळच्या नात्यातल्या वकिलाने त्याच्यासमोर उभं राहू नये, असं वकिलांच्या नियमांतही आहे. आम्हा बँकवाल्यांना नातेवाइकाचं कर्ज स्वतः मंजूर करता येत नाही. म्हणजे जिथे आपल्या हातात देणं-नाकारणं आहे, तिथे नातं सांगायचं आणि खुर्चीवरून बाजूला व्हायचं. तिथे शंका उरत नाही.

अडचण येते ती आमच्यासारख्यांची. आमच्या हातात निर्णय नसतो, फक्त सेवा असते. तिकीट देणारा, इंजेक्शन टोचणारी, सात-बाऱ्याचा उतारा काढून देणारा, काउंटरवर सही घेणारा. घरचं माणूस समोर आलं म्हणून हे लोक उठून जाऊ शकत नाहीत. आणि तालुक्याच्या गावात तर नात्यातलं, भावकीतलं, निदान ओळखीतलं नाही असं माणूस रांगेत सापडायचंच नाही. आमच्यासाठी लिहिलेला नियम एवढाच की सगळ्यांना सारखं वागवा. कोणत्या आवाजात, ते कुठे लिहिलेलं नाही.

मला एसटीचे वाहक या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणे वाटतात. कामगिरीवर निघताना खिशातले स्वतःचे पैसे वाहकाला नोंदवावे लागतात, त्यामुळे त्याच्या झोळीतला रुपयान् रुपया हिशेबातला असतो. एकदा मी गावाकडच्या गाडीत पुढच्या बाकावर होतो. मधल्या थांब्यावर वाहकाची बायको दोन मुलांना घेऊन चढली. मुलगी ‘पप्पा’ म्हणून ओरडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोला ‘बस मागं, जागा आहे’ म्हणाला आणि बाकीच्यांच्या पाठोपाठ त्यांचीही तिकिटं काढून तिच्या हातात दिली. तिने पैसे दिले. त्याने सुटे मोजून परत केले. कुणीच अवघडलं नाही. डोक्यावर ठेवलेला हात आणि मोजून दिलेले सुटे, दोन्ही एकाच माणसाचे होते. आता पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे, तरी त्यांना शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं. वाहकाचे वडील चढले तरी तेच. पैसे घ्यायचे नसले तरी नोंद चुकवायची नसते.

शिक्षिका आयांचीही मला कमाल वाटते. एकाच वर्गात आई शिकवते आणि मूल समोर बसतं. घरातून निघेपर्यंत ‘आई’, शाळेच्या फाटकात शिरल्यावर ‘बाई’, सुटल्यावर पुन्हा ‘आई’. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे जमतं, कारण त्या आईने आदल्या दिवशी त्याला जवळ घेऊन समजावलेलं असतं. माझं चुकलं ते तिथे. मी ऑक्टोबरातच घरी जाऊन आईला सांगायला हवं होतं: तू ये, पण दहा तारखेनंतर ये, गर्दी कमी असते. रांगेतून यावं लागेल, आणि अक्कांनाही तसंच सांग. आपल्या माणसांना आपल्या कामाच्या मर्यादा घरात बसून, चहा पिताना सांगायच्या असतात. काचेपलीकडून सांगितल्या की त्या हाकलून दिल्यासारख्या ऐकू येतात.

आता त्या दिवशी पुढे काय झालं ते सांगतो.

आईचा नंबर आला. यादीतलं नाव काढून मी बोट ठेवलं. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईला हयातीबरोबर आणखी एक गोष्ट लिहून द्यावी लागत होती, की मी पुनर्विवाह केलेला नाही. त्या ओळीखाली सही. सकाळपासून त्या कागदावर मी कितीतरी सह्या घेतल्या होत्या. ‘इथं करा, आणि इथं’ एवढंच म्हणून कागद सरकवायचा. वाचत कुणी बसायचं नाही. मीही वाचून दाखवत नसे.

आई वाचते. शिक्षकाची बायको, वर्तमानपत्र रोज शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. तिने चष्मा लावला आणि ती ओळ वाचली. सहासष्ट वर्षांची बाई, लग्नाला चाळीस वर्षं होऊन नवरा गेलेला. त्या ओळीवरून तिने नजर वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ‘हे तुला मला विचारावं लागतं होय रे?’ अशी ती नजर होती. मग खाली बघून तिने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मागच्या दोन तासांत या ओळीखाली मी ज्यांच्या सह्या घेतल्या, त्या सगळ्या कुणाच्या तरी आया होत्या. त्यांतल्या ज्यांना वाचता येत होतं, त्यांनीही ती वाचली असणार. ज्यांना येत नव्हतं, त्यांचा अंगठा मी धरून टेकवला होता, कशावर टेकवतो आहे ते न सांगता. पैकी एकीनेही माझ्याकडे तसं पाहिलं नाही. पाहण्याइतका त्यांचा माझ्यावर हक्क नव्हता म्हणून.

कामाच्या जागी घरचं माणूस येतं, तेव्हा आपण अवघडतो ते पक्षपात होईल या भीतीने, असं आपण समजतो. मला वाटतं त्याच्या तळाशी दुसरंच काही असतं. आपण परक्या माणसांशी कसे वागतो, ते आपलं माणूस प्रथमच बघतं. घरी ज्याला ती बाळू म्हणते, तो दिवसभर कोणत्या आवाजात बोलतो, हे तिला कळतं. २०१७च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियातल्या एका प्राध्यापकाची बीबीसीवर थेट मुलाखत चालू असताना त्याची चिमुरडी खोलीत नाचत शिरली, तिच्यामागे पांगुळगाड्यातलं बाळ आलं. कॅमेऱ्यावरची नजर न काढता त्याने एक हात मागे नेला आणि मुलीला हळूच बाजूला सारायला बघितलं. जगभर लोकांनी ते दृश्य हसत, कौतुकाने पाहिलं. मलाही त्या प्राध्यापकाविषयी मनापासून आपुलकी वाटली. पण तो मागे गेलेला हात मला ओळखीचा होता. मी तोच हात शब्दाने केला होता. त्या बापाच्या हातात मात्र अवघडलेपणाबरोबर हळुवारपणाही होता. माझ्या ‘मावशी’त तो नव्हता.

त्या दिवशी आईची सही झाल्यावर अक्कांचं काम झालं. तेवढ्यात आमचे अकाउंटंट मागून आले. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, “या तुमच्या मातोश्री ना?” मी हो म्हणालो. “मग यांच्या नावासमोरची पडताळणीची सही मी करतो. तुम्ही नका करू.” आणि काउंटरचं दार उघडून ते बाहेर गेले, आईला नमस्कार केला, म्हणाले, “बसा ताई, दमला असाल. पाणी आणतो.” कामातलं नातं त्यांनी एका सहीने बाजूला काढलं आणि माणसातलं नातं एका नमस्काराने पुरं केलं. मी काचेआडून बघत होतो. माझ्यापुढे अजून वीस माणसं होती.

आई एकच्या गाडीने गेली. जाताना खिडकीशी आली नाही. माझं काम चालू होतं, म्हणून आली नसेल.

तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दुपारी मी गावी गेलो. अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसलो, बराच वेळ काही सुचलं नाही, मग म्हणालो, “आई, परवा मी तुला मावशी म्हणालो.” ती खडा बाजूला टाकत म्हणाली, “कामात असतोस तू.” थोड्या वेळाने म्हणाली, “पंखा सगळा तुमच्याच बाजूला आहे रे. आमच्या बाजूला एक नाही.”

तिने माझी चूक पोटात घातली, आणि तक्रार केली ती रांगेतल्या सगळ्यांच्या वतीने. सोमवारी मी शाखाधिकाऱ्यांना पंख्याचं आणि रांगेतल्यांसाठी बाकांचं सांगितलं. बाकं दोन आठवड्यांत आली. पंखा उन्हाळ्यात लागला.

त्या ओळीबद्दलही मी एक गोष्ट बदलली. तो कागद पुढे करताना प्रत्येक बाईला ती ओळ हळू आवाजात वाचून दाखवायची आणि सांगायचं, “हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, मनावर घेऊ नका.” दर माणशी अर्धं मिनिट जास्त जायचं. रांगेतून कधी कुरबुर झाली नाही. काही जणी हसायच्या. एक आजी म्हणाल्या, “आता कोण करतंय रे बाबा!” आणि रांगेतल्या चार बायका खळखळून हसल्या. एकीचे डोळे भरून आले. तिचा नवरा जाऊन दोनच महिने झाले होते. त्याआधीच्या वर्षांत अशा किती जणी माझ्यासमोरून सही करून गेल्या असतील, ते मला आता कधीच कळणार नाही.

आईसाठी मी वेगळं काही केलं नाही. तिला पाहून जे सुचलं ते सगळ्यांसाठी केलं, आणि पक्षपाताला माझ्यापुरतं हेच उत्तर मला सापडलं. आपल्या माणसाला जास्त द्यावंसं वाटलं, तर ते जास्तीचं रांगेतल्या प्रत्येकाला देता येतं का ते पाहावं. बरेचदा देता येतं. एक बाक, एक पंखा, एक खुलासा, एकदा मान वर करून बघणं.

नोकरीत नवीन लागलेल्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. तुमचे आईवडील तुमच्या कार्यालयात न सांगता येतील. डबा विसरला म्हणून येतील, शेजाऱ्याचं काम घेऊन येतील, किंवा नुसतं ‘इकडून चाललो होतो’ म्हणून येतील. त्यांचे कपडे, त्यांची बोली, त्यांनी सगळ्यांदेखत मारलेली तुमच्या लाडक्या नावाची हाक यांनी तुम्हाला क्षणभर संकोच वाटेल. त्या क्षणी काम सोडू नका, नियम वाकवू नका. पण खुर्चीतून उठा आणि सहकाऱ्यांना सांगा, ही माझी आई, हे माझे बाबा. तेवढ्याने कोणतंही काम अडत नाही.

त्या शाखेत मी आणखी दोन नोव्हेंबर होतो. दोन्ही वर्षी आई आली, अक्कांना घेऊनच आली, रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि तिला आई म्हणालो.